पीएचपी डेव्हलपर्सना वारंवार पडणारे प्रश्न: एरर का येते आणि खरी चूक कुठे असते?

वसई किंवा गोव्यातील एखादी व्यक्ती वेबसाइटवर नोंदणी करते. नाव, पत्ता, मोबाइल नंबर सगळे बरोबर भरलेले असते. आडनाव डिसूझा. इंग्रजीत हे आडनाव लिहिताना 'डी' या अक्षरानंतर वरच्या बाजूला एक छोटे चिन्ह येते, त्याला अपॉस्ट्रॉफी म्हणतात. 'सबमिट'चे बटण दाबताच पानावर डेटाबेसची एरर उमटते. त्याच फॉर्मवर पाटील, शेख आणि कुलकर्णी यांची नोंदणी मात्र विनासायास झालेली असते.

अशा वेळी घाईत असलेला डेव्हलपर फॉर्मखाली 'नावात विशेष चिन्हे वापरू नयेत' अशी सूचना टाकतो आणि काम संपले असे समजतो. प्रत्यक्षात डिसूझांच्या आडनावाने त्या वेबसाइटची एक मोठी त्रुटी उघड केलेली असते. ज्या कोडमध्ये एका चिन्हाने क्वेरी तुटते, त्या कोडमध्ये बाहेरच्या कोणालाही डेटाबेसला स्वतःचे आदेश देता येतात.

पीएचपी या भाषेत काम करणाऱ्यांना पडणारे बहुतेक प्रश्न असेच असतात. वरवर पाहता ती किरकोळ अडचण वाटते, पण खाली दुसरेच कारण असते. एरर दिसेनाशी करणे आणि चूक दुरुस्त करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हा फरक लक्षात ठेवून नेहमीच्या प्रश्नांची उत्तरे पाहू.

पीएचपी म्हणजे नेमके काय?

रासमुस लेरडॉर्फ यांनी १९९४ मध्ये स्वतःच्या वेबपानासाठी काही छोटे प्रोग्राम लिहिले. आपला ऑनलाइन बायोडेटा किती लोक पाहतात, याची नोंद ठेवणे हा त्यांचा एक उपयोग होता. जून १९९५ मध्ये त्यांनी ते 'पर्सनल होम पेज टूल्स' या नावाने सर्वांसाठी खुले केले. पुढे अँडी गुटमन्स आणि झीव सुरास्की यांनी भाषेचा गाभा नव्याने लिहिला आणि १९९८ मध्ये पीएचपी ३ आली. तेव्हापासून या नावाचा अर्थ 'पीएचपी: हायपरटेक्स्ट प्रीप्रोसेसर' असा लावला जातो.

वर्डप्रेस पीएचपीमध्ये लिहिलेले आहे. मराठीसह सर्व भाषांतील विकिपीडिया ज्या मीडियाविकी या सॉफ्टवेअरवर चालतात, तेही पीएचपीमध्येच आहे. फेसबुकची सुरुवातही याच भाषेत झाली होती. म्हणजेच रोज इंटरनेट वापरणाऱ्या प्रत्येकाचा पीएचपीशी संबंध येतोच, मग त्याला ते ठाऊक असो वा नसो.

आधी समजून घेण्याच्या दोन गोष्टी

पहिली गोष्ट म्हणजे पीएचपीचा कोड ब्राउझरमध्ये नव्हे, तर सर्व्हरवर चालतो. वापरकर्त्याने पान मागितले की कोड सुरू होतो, पान तयार करून पाठवतो आणि संपतो. पुढच्या पानासाठी सगळे पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. मागच्या वेळी व्हेरिएबलमध्ये काय होते, हे पीएचपीला आठवत नाही. लक्षात ठेवायचे असेल ते डेटाबेस, सेशन किंवा कुकीत ठेवावे लागते.

दुसरी गोष्ट म्हणजे ब्राउझरकडून येणारा मजकूर हा फक्त मजकूर असतो, आणि तो काहीही असू शकतो. फॉर्ममध्ये पाचच पर्याय दिले, म्हणून त्या पाचांपैकीच एक येईल याची खात्री नसते. फॉर्म न उघडताही सर्व्हरला हवी ती माहिती पाठवता येते. पुढील बरेचसे प्रश्न या दोन गोष्टींपाशी येऊन थांबतात.

१. आडनावातल्या चिन्हाने क्वेरी का तुटते?

डेटाबेसला दिलेल्या आदेशाला क्वेरी म्हणतात. तिच्यात नाव, गाव असा मजकूर सिंगल कोटमध्ये लिहितात. कोट सुरू झाला की मजकूर सुरू आणि कोट बंद झाला की मजकूर संपला, एवढेच डेटाबेसला कळते. डिसूझा या आडनावातील अपॉस्ट्रॉफी आणि सिंगल कोट हे कीबोर्डवरचे एकच चिन्ह आहे. त्यामुळे 'डी' नंतर मजकूर संपला असे डेटाबेस समजतो आणि उरलेल्या 'सूझा'कडे आदेशाचा भाग म्हणून पाहतो. तसा आदेशच नसल्यामुळे एरर येते.

आता 'सूझा'च्या जागी कोणी जाणूनबुजून खराखुरा आदेश लिहिला, तर एरर येणार नाही. तो आदेश पाळला जाईल. पासवर्ड न देता लॉगिन करणे, सगळ्या ग्राहकांची यादी काढणे, नोंदी पुसणे असे काहीही त्यातून होऊ शकते. या हल्ल्याला 'एसक्यूएल इंजेक्शन' म्हणतात.

यावरचा उपाय म्हणजे 'प्रिपेअर्ड स्टेटमेंट'. त्यात क्वेरी लिहिताना नावाच्या जागी फक्त प्रश्नचिन्ह ठेवतात आणि नाव वेगळे देतात. आदेश कोणता आणि माहिती कोणती, हे आधीच ठरलेले असल्यामुळे माहितीत कोणतेही चिन्ह आले तरी ती माहितीच राहते. पीएचपीमध्ये पीडीओ आणि मायएसक्यूएलआय या दोन्हींत ही सोय आहे. डिसूझांचे आडनाव जसे आहे तसे साठते.

एक मर्यादा मात्र लक्षात ठेवावी लागते. प्रश्नचिन्ह फक्त माहितीच्या जागी चालते, टेबल किंवा कॉलमच्या नावाच्या जागी चालत नाही. 'यादी कोणत्या कॉलमनुसार लावायची' हे वापरकर्ता ठरवणार असेल, तर चालणाऱ्या नावांची यादी कोडमध्येच ठेवून आलेले नाव त्यात आहे का, हे तपासावे लागते.

२. साठवलेले आडनाव पानावर अर्धेच का दिसते?

डेटाबेसचा प्रश्न सुटला. आता माहिती बदलण्याचे पान उघडले, तर आडनावाच्या चौकटीत फक्त 'डी' दिसतो. डेटाबेसमध्ये आडनाव पूर्ण असते, पण एचटीएमएलमध्येही मूल्याभोवती कोट असतात. तिथे सिंगल कोट वापरले असतील, तर तेच चिन्ह पुन्हा आडवे येते.

हाही केवळ दिसण्याचा प्रश्न नाही. कोणी नावाच्या जागी जावास्क्रिप्टचा कोड लिहून ठेवला, तर ते पान उघडणाऱ्या प्रत्येकाच्या ब्राउझरमध्ये तो चालू शकतो आणि लॉगिन केलेल्या व्यक्तीच्या नावाने काहीही करू शकतो. या हल्ल्याला 'क्रॉस साइट स्क्रिप्टिंग' म्हणतात.

पानावर मजकूर छापताना तो 'एचटीएमएलस्पेशलचार्स' या फंक्शनमधून न्यावा, म्हणजे अशी चिन्हे निरुपद्रवी होतात. पीएचपी ८.१ पूर्वी हे फंक्शन सिंगल कोट आपोआप बदलत नसे, तसे वेगळे सांगावे लागे. ही प्रक्रिया साठवताना नव्हे, तर छापताना करावी. साठवतानाच चिन्हे बदलली, तर तेच नाव एसएमएसमध्ये किंवा पीडीएफ पावतीवर विचित्र दिसते.

३. पासवर्ड 'एमडी५' करून साठवला तर काय बिघडते?

जुन्या धड्यांमध्ये पासवर्ड एमडी५ किंवा एसएचए१ वापरून साठवायला शिकवत. या पद्धती मजकुराचा ठसा, म्हणजे हॅश काढतात. पण त्या अतिशय वेगवान आहेत, आणि पासवर्डच्या बाबतीत वेग हाच दोष ठरतो. डेटाबेस चोरीला गेला, तर चोर कोट्यवधी शक्य पासवर्डचे हॅश झपाट्याने काढून जुळवून पाहू शकतो. शिवाय दोघांचा पासवर्ड सारखा असेल, तर दोघांचे हॅशही सारखेच येतात.

२०१३ मध्ये आलेल्या पीएचपी ५.५ पासून 'पासवर्ड_हॅश' हे फंक्शन उपलब्ध आहे. ते मुद्दाम संथ आहे आणि प्रत्येक वेळी हॅशमध्ये एक वेगळा यादृच्छिक भाग मिसळते. यातूनच पुढचा प्रश्न निर्माण होतो: 'एकाच पासवर्डचा हॅश दर वेळी वेगळा येतो, मग लॉगिनच्या वेळी जुळवायचा कसा?' दोन हॅशची तुलना करायचीच नसते. वापरकर्त्याने दिलेला पासवर्ड आणि साठवलेला हॅश हे दोन्ही 'पासवर्ड_व्हेरिफाय' या फंक्शनला द्यायचे, ते हो किंवा नाही सांगते.

सगळे बरोबर असूनही लॉगिन होत नसेल, तर कॉलमची लांबी पाहावी. सध्याच्या बीक्रिप्ट पद्धतीत हॅश ६० अक्षरांचा असतो. कॉलम ५० अक्षरांचा असेल आणि डेटाबेसने उरलेला भाग न कुरकुरता कापला असेल, तर पासवर्ड कधीच जुळणार नाही. पुढे पद्धत बदलू शकते, म्हणून २५५ अक्षरांची जागा ठेवणे चांगले.

सामान्य वापरकर्त्यासाठी एक खूण आहे. 'पासवर्ड विसरलात?' वर क्लिक केल्यावर एखादी वेबसाइट जुना पासवर्ड जसाच्या तसा ईमेल करत असेल, तर तिथे पासवर्ड परत वाचता येईल अशा रीतीने साठवलेला आहे. तो पासवर्ड दुसरीकडे कुठेही वापरू नये.

४. 'हेडर्स ऑलरेडी सेंट' ही एरर का येते?

सर्व्हर ब्राउझरला दोन भागांत उत्तर देतो. आधी हेडर, म्हणजे पान कोणत्या प्रकारचे आहे, कोणती कुकी ठेवायची, दुसऱ्या पानावर जायचे का, या सूचना. त्यानंतर प्रत्यक्ष पान. पाकिटावरचा पत्ता आणि आतले पत्र असा हा प्रकार आहे. पाकीट पेटीत टाकल्यावर पत्ता बदलता येत नाही. त्याचप्रमाणे पानाचे एक अक्षर जरी निघून गेले, तरी त्यानंतर हेडर पाठवता येत नाही.

हे एक अक्षर बहुतेकदा डोळ्यांना दिसत नाही. पीएचपीच्या सुरुवातीच्या टॅगआधी राहिलेली मोकळी ओळ, शेवटच्या टॅगनंतरच्या रिकाम्या ओळी, किंवा एडिटरने फाइलच्या सुरुवातीला टाकलेली 'बॉम' नावाची अदृश्य खूण ही नेहमीची कारणे. एररच्या संदेशातच आउटपुट कोणत्या फाइलच्या कितव्या ओळीवर सुरू झाले, हे लिहिलेले असते. अनेक जण तिथपर्यंत वाचतच नाहीत. ज्या फाइलमध्ये फक्त पीएचपी आहे, तिच्यात शेवटचा टॅग लिहूच नये, असा सल्ला अधिकृत मार्गदर्शिकेतही आहे.

'माझ्या लॅपटॉपवर चालते, सर्व्हरवर नाही' ही तक्रारही इथलीच. आउटपुट बफरिंग सुरू असेल, तर पीएचपी थोडा मजकूर रोखून धरते आणि चूक झाकली जाते. सर्व्हरवर ते बंद असेल तर तीच चूक उघडी पडते.

५. रीडायरेक्ट केल्यावरही पुढचा कोड का चालतो?

हा प्रश्न जितके जण विचारतात, त्याहून कितीतरी अधिक जणांना तो विचारायला हवा हेच ठाऊक नसते. अ‍ॅडमिनच्या पानावर सुरुवातीला तपासणी असते: लॉगिन नसेल तर लॉगिनच्या पानावर पाठवा. डेव्हलपर लॉगिन न करता पान उघडून पाहतो, ब्राउझर लॉगिनच्या पानावर जातो आणि तपासणी चोख वाटते.

पण रीडायरेक्टचा हेडर ही ब्राउझरला केलेली केवळ सूचना आहे. ती दिल्यावर पीएचपी थांबत नाही, पुढचा कोड चालतच राहतो. त्या खाली ग्राहकांची यादी छापली जात असेल, तर तीही उत्तरासोबत बाहेर जाते. ब्राउझर ती दाखवत नाही इतकेच. सूचना न पाळणाऱ्या साध्या प्रोग्रामला ती सरळ वाचता येते. खाली नोंद पुसण्याचा कोड असेल, तर नोंद पुसलीही जाते. म्हणून रीडायरेक्टनंतर लगेच 'एक्झिट' लिहिणे अत्यावश्यक आहे.

रीडायरेक्टचा एक चांगला उपयोगही आहे. पान रिफ्रेश केले की तीच ऑर्डर दोनदा जाते, अशी तक्रार नेहमी येते. रिफ्रेश केल्यावर ब्राउझर शेवटची रिक्वेस्ट, म्हणजे भरलेला फॉर्म, पुन्हा पाठवतो. फॉर्म साठवून झाल्यावर 'धन्यवाद'च्या वेगळ्या पानावर रीडायरेक्ट केले, तर रिफ्रेशने फक्त तेच पान पुन्हा येते.

६. 'अनडिफाइन्ड'ची वॉर्निंग दाबून टाकावी का?

फॉर्ममधून न आलेली गोष्ट वाचायला गेले की ही वॉर्निंग येते. चेकबॉक्स हे तिचे नेहमीचे कारण. खूण केलेला चेकबॉक्स सर्व्हरला पाठवला जातो, पण खूण नसलेल्या चेकबॉक्सचा उल्लेखही पाठवला जात नाही. म्हणजे 'नाही' असे उत्तर येत नाही, उत्तरच येत नाही.

ओळीच्या आधी '@' हे चिन्ह लावले की वॉर्निंग दिसेनाशी होते, आणि तिथेच घोटाळा होतो. उद्या एखाद्या फील्डच्या नावात चुकीचे स्पेलिंग झाले, तरी तेही समजणार नाही आणि महिनाभर रिकाम्या नोंदी साठत राहतील. पीएचपी ७ पासून '??' हे चिन्ह उपलब्ध आहे. मूल्य नसेल तर त्याऐवजी काय धरायचे, हे त्यातून स्पष्ट सांगता येते. पीएचपी ८ मध्ये हा इशारा साध्या 'नोटीस'वरून 'वॉर्निंग'च्या पातळीवर नेण्यात आला.

७. == आणि === यांत फरक काय?

'==' लिहिले की पीएचपी दोन्ही बाजूंचे प्रकार जुळवून घेऊन तुलना करते. '===' लिहिले तर मूल्य आणि प्रकार दोन्ही सारखे असावे लागतात. ब्राउझरकडून येणारे सगळे मजकूर स्वरूपात असते, त्यामुळे सुरुवातीला '==' सोयीचे वाटते.

पण पीएचपी ८ पूर्वी शून्य हा अंक आणि कोणताही अक्षरी शब्द यांची '==' ने तुलना केली, तर उत्तर 'सारखे' असे येई. पीएचपी ८ मध्ये हे बदलले. दुसरी गंमत अजूनही शिल्लक आहे. अंकांमध्ये इंग्रजी 'ई' आले, तर पीएचपी त्याचा अर्थ दहाचा घात असा लावते. त्यामुळे एक, 'ई' आणि तीन असा लिहिलेला उत्पादनाचा कोड '१०००' या कोडशी '==' ने जुळतो. शून्य आणि 'ई' ने सुरू होऊन पुढे फक्त अंक असलेले दोन वेगळे हॅशही याच कारणाने समान ठरतात, कारण शून्याला दहाच्या कोणत्याही घाताने गुणले तरी उत्तर शून्यच. असे हॅश देणारे मजकूर लोकांनी शोधून ठेवलेले आहेत आणि लॉगिनची तपासणी चुकवण्यासाठी ते वापरता येतात.

शब्द शोधणाऱ्या 'स्ट्रपॉस' या फंक्शनचाही असाच सापळा आहे. शब्द अगदी सुरुवातीला सापडला तर उत्तर शून्य येते, सापडला नाही तर 'फॉल्स' येते. साध्या तपासणीत दोन्ही एकच वाटतात. '=== फॉल्स' अशी तुलना करणे किंवा पीएचपी ८ मधील 'स्ट्र_कंटेन्स' वापरणे हा त्यावरचा उपाय.

८. मराठी मजकुराच्या जागी प्रश्नचिन्हे का येतात?

मराठी वेबसाइट करणाऱ्या जवळपास प्रत्येकाला कधी ना कधी हा प्रश्न पडतो. मजकूर तीन टप्प्यांतून जातो: वेबपान, पीएचपी आणि डेटाबेस यांमधले कनेक्शन, आणि डेटाबेसचे टेबल. तिन्हीकडे युनिकोडची एकच पद्धत हवी. मायएसक्यूएलमध्ये तिचे नाव 'यूटीएफ८एमबी४' आहे.

काय दिसते यावरून रोग ओळखता येतो. मराठीच्या जागी विचित्र युरोपीय अक्षरांची रांग दिसत असेल, तर मूळ मजकूर बहुधा शाबूत आहे, फक्त चुकीच्या पद्धतीने वाचला जात आहे. तो बऱ्याचदा परत मिळवता येतो. पण टेबलमध्येच प्रश्नचिन्हे साठली असतील, तर मूळ अक्षरे साठवतानाच गेलेली असतात. ती परत येत नाहीत. म्हणून ही तपासणी वेबसाइट सुरू करण्याआधी करावी.

'मराठी नीट साठते, पण इमोजी टाकला की एरर येते' या कोड्याचे उत्तरही इथेच आहे. मायएसक्यूएलची जुनी 'यूटीएफ८' पद्धत एका अक्षराला जास्तीत जास्त तीन बाइट देते. देवनागरीचे चिन्ह तीन बाइटमध्ये बसते, इमोजीला चार लागतात. 'यूटीएफ८एमबी४' मध्ये दोन्ही बसतात.

अक्षरे मोजतानाही बाइट आडवे येतात. 'मराठी' हा शब्द 'स्ट्रलेन' या फंक्शनने मोजला तर उत्तर १५ येते, कारण ते बाइट मोजते. 'एमबी_स्ट्रलेन' ५ सांगते: म, र, काना, ठ आणि वेलांटी. वाचणाऱ्याच्या लेखी मात्र अक्षरे तीनच असतात आणि ती संख्या 'ग्राफीम_स्ट्रलेन' देते. बातमीचे पहिले १०० बाइट कापून दाखवले, तर शेवटचे अक्षर मधेच तुटू शकते. असा तुटका मजकूर जेसन स्वरूपात बदलतानाही अपयश येते.

देवनागरी अंकांचाही प्रश्न येतो. वापरकर्त्याने वय '३५' असे देवनागरीत लिहिले, तर पीएचपी त्याला संख्या मानत नाही. पूर्णांकात बदलायला गेले तर शून्य मिळते. वापरकर्त्याला 'चुकीची माहिती' असा संदेश दाखवण्याऐवजी ते अंक कोडमध्येच इंग्रजी अंकांत बदलून घेणे अधिक योग्य ठरते.

९. वेळ साडेपाच तास मागे का दिसते?

पीएचपीला वेगळे सांगितले नाही, तर ती यूटीसी ही जागतिक प्रमाणवेळ धरते. भारतीय वेळ तिच्या साडेपाच तास पुढे आहे. टाइमझोन 'एशिया/कोलकाता' असा ठरवून दिला की दिसणारी वेळ बरोबर येते.

दिवसा ही चूक फक्त घड्याळात दिसते. मध्यरात्र ते पहाटे साडेपाच या वेळेत मात्र तारीखच आदल्या दिवसाची लागते. अर्जाची मुदत मध्यरात्री संपणार असेल, तर पुढचे साडेपाच तास अर्ज स्वीकारले जातात. डेटाबेसची वेळ वेगळी ठरवावी लागते, हेही विसरू नये. साठवताना यूटीसी आणि दाखवताना स्थानिक वेळ, ही सर्वांत कमी गोंधळाची पद्धत आहे.

१०. भरलेला फॉर्म का गायब होतो?

अनेकदा याचे कारण पीएचपीच्या मूळ मर्यादांमध्ये असते. सेशनची माहिती मूळ सेटिंगनुसार १,४४० सेकंदांनंतर, म्हणजे २४ मिनिटांनंतर, जुनी ठरते आणि पुसली जाऊ शकते. कागदपत्रे शोधत सावकाश मोठा फॉर्म भरणाऱ्याचे लॉगिन तेवढ्यात जाते.

अपलोडचेही तसेच. एका फाइलची मूळ मर्यादा २ एमबी आणि पूर्ण फॉर्मची ८ एमबी आहे. आजच्या मोबाइलवरचा एक फोटोही पहिली मर्यादा सहज ओलांडतो. पूर्ण फॉर्मची मर्यादा ओलांडली, तर पीएचपीला फाइल तर मिळत नाहीच, नाव आणि पत्ताही रिकामा मिळतो. मग 'सर्व रकाने भरा' असा संदेश येतो आणि सर्व रकाने भरलेला माणूस चक्रावतो.

मर्यादा वाढवताना अपलोड होणाऱ्या फाइलचा प्रकारही तपासावा. फोटोच्या नावाखाली कोणी पीएचपीची फाइल चढवली आणि ती सार्वजनिक फोल्डरमध्ये जाऊन चालली, तर सर्व्हर त्याच्या ताब्यात जाऊ शकतो.

११. पान पूर्ण पांढरे का दिसते?

कोड मोठ्या चुकीमुळे थांबलेला असतो, पण एरर दाखवण्याची सेटिंग बंद असते. स्वतःच्या कॉम्प्युटरवर काम करताना ती सुरू ठेवावी. लोकांसाठी खुल्या असलेल्या वेबसाइटवर ती बंदच हवी, कारण एररच्या संदेशातून फाइलींचे मार्ग आणि डेटाबेसचे तपशील बाहेर जाऊ शकतात. तिथे चुका लॉग फाइलमध्ये नोंदवून घ्याव्यात आणि ती फाइल नियमित वाचावी.

१२. जुना कोड नव्या सर्व्हरवर का चालत नाही?

डेटाबेससाठीची जुनी 'मायएसक्यूएल_' ने सुरू होणारी फंक्शन्स डिसेंबर २०१५ मध्ये आलेल्या पीएचपी ७ मधून काढून टाकण्यात आली. ती वापरणारे धडे आणि कोडचे नमुने मात्र आजही फिरत असतात. नव्या सर्व्हरवर कोड बंद पडला की काही जण सर्व्हरच जुन्या आवृत्तीवर नेतात. पीएचपी ७.४ साठीच्या अधिकृत सुरक्षा दुरुस्त्या नोव्हेंबर २०२२ मध्ये थांबल्या. त्यानंतर सापडलेल्या त्रुटी अशा सर्व्हरवर तशाच राहतात. कोड दुरुस्त करणे कष्टाचे असले, तरी मार्ग तोच आहे.

थोडक्यात

एरर आली की पहिला प्रश्न 'ही घालवायची कशी?' हा नसून 'ही काय सांगते आहे?' हा असायला हवा. संदेश पूर्ण वाचावा, त्यातली फाइल आणि ओळ पाहावी. क्वेरीसाठी प्रिपेअर्ड स्टेटमेंट, छापण्यासाठी 'एचटीएमएलस्पेशलचार्स', पासवर्डसाठी 'पासवर्ड_हॅश', रीडायरेक्टनंतर 'एक्झिट', तुलनेसाठी '===' आणि मजकुरासाठी 'यूटीएफ८एमबी४' एवढ्या सवयी लागल्या, तर वरचे बरेचसे प्रश्न पुन्हा पडत नाहीत.

या यादीतील सर्वांत घातक चुका एररच देत नाहीत. 'एक्झिट' विसरलेले पान आणि एमडी५ मधले पासवर्ड वर्षानुवर्षे सुरळीत चालल्यासारखे वाटतात. नुकसान होते ते त्या फॉर्ममध्ये विश्वासाने आपली माहिती भरणाऱ्यांचे. त्यामुळे एखाद्या डिसूझांच्या नावावर फॉर्म अडला, तर त्यांना नाव बदलून लिहायला सांगण्याऐवजी कोड उघडून पाहावा.